परदेशातल्या अनाथाश्रमात सेवेला जायचंय? आधी सांगलीत बसून करायची कामं

दिवाळी झाली की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. "बाई, आता रिटायर झालोय. पोरं तिकडं अमेरिकेत. नेपाळला जाऊन अनाथ मुलांसाठी काहीतरी करावं म्हणतोय. तुम्ही जाऊन आलाय ना?" मी पहिला प्रश्न एकच विचारते: तिकीट काढलंय का? नाही म्हणाले की मला बरं वाटतं. काढलं असेल तर पुढचा अर्धा तास त्यांना ऐकून घ्यावं लागतं.

मी सांगलीत चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि २०१६ साली निवृत्त झाले. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. तिकडच्या घराघरातला एखादा तरी पोरगा गलाईच्या धंद्यात असतो, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या. ही मंडळी कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत पसरलीत, काहीजण काठमांडूतही आहेत. माझा एक भाचा त्यांतलाच. त्याच्या भरवशावर मी २०१७ च्या जानेवारीत पहिल्यांदा गेले आणि जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या केल्या. पुढचं सगळं त्या चुकांतून आलेलं आहे.

आधी कळून घ्या, तिथं कोण राहतं

अनाथाश्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आई-बाप नसलेलं मूल येतं. बालहक्कांचं काम करणाऱ्या संस्थांचा अंदाज वेगळा आहे: जगभरातल्या अशा आश्रमांत दर पाच मुलांमागे चारांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी, जिवंत असतात. मूल तिथं पोचतं ते गरिबीमुळं, गावात शाळा नाही म्हणून, किंवा कुणी मध्यस्थ "शहरात शिकवतो" म्हणून घेऊन गेला म्हणून. नेपाळात माओवादी संघर्षाच्या काळात, १९९६ ते २००६ या दहा वर्षांत, हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी अशीच मुलं काठमांडूत आणली. बापांनी त्यासाठी पदरचे पैसे मोजले. कागदावर मात्र मूल अनाथ झालं. २०१५ च्या एप्रिलमधल्या भूकंपानंतर पुन्हा तीच भीती होती, म्हणून तिथल्या सरकारनं परवानगीशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली.

नकाशा उघडून बघा. नेपाळातली बहुतेक बालगृहं काठमांडूचं खोरं, पोखरा आणि चितवन या भागांत एकवटली आहेत. गरिबी सगळ्यात जास्त तिथं आहे का? नाही. तिथं पर्यटक आहेत. पाहुणा येतो, फी देतो, देणगी देतो, फोटो काढतो, म्हणून आश्रम चालतो, आणि आश्रम चालायला मुलं लागतात. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी हा प्रकार गुलामगिरीतच धरला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही २०१९ च्या बालहक्क ठरावात त्याची दखल घेतली. एवढं सगळं झालं तरी आपल्याकडं कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मी गेले ते बालगृह इंटरनेटवर शोधलेलं. अठरा दिवसांची फी आधीच भरलेली. सोबत वह्या, पेन्सिली आणि भडंगाची वीस पाकिटं. पहिल्याच दिवशी पोरं धावत आली आणि कमरेला मिठ्या मारल्या. मी विरघळले. आता कळतं, घरात नीट वाढलेलं पाच वर्षांचं पोर अनोळखी बाईला मिठी मारत नाही, आईच्या पदराआड लपतं. ज्याच्या आयुष्यात दर पंधरा दिवसांनी माणसं बदलतात ते पोर सगळ्यांनाच बिलगतं.

एक दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. भडंगातले शेंगदाणे वेचून ती कंपासपेटीत ठेवायची, कुरमुरे तेवढे खायची. तिनं मला दुसऱ्या दिवशी विचारलं, "मिस, कहिले जाने?" मला वाटलं, कुठं फिरायला जायचं विचारतेय. भाच्यानं संध्याकाळी अर्थ सांगितला: तुम्ही परत कधी जाणार?

दुसऱ्या शनिवारी फाटकाबाहेर एक माणूस पिशवी घेऊन उभा होता. पाहुणे आलेत म्हणून त्याला आत सोडत नव्हते. मी वर्गात अपूर्णांक शिकवत होते. त्या मुलीनं खिडकीतून पाहिलं आणि खडू टाकून पळाली. पिशवीत भाजलेला मका होता. तो तिचा बाप. आश्रमाच्या वहीत तिच्या नावापुढं आई-वडील दोघंही मृत लिहिलेले होते, ती वही मी आदल्याच आठवड्यात कौतुकानं चाळली होती. आणि ते शेंगदाणे ती कुणासाठी ठेवत होती हेही मला त्या दिवशी कळलं.

सहा महिने इथंच काम करा

ही पायरी सगळ्यांना नको असते, कारण तिच्यात विमान नाही. पण हीच सगळ्यात मोठी. आपल्या जिल्ह्यात बालगृहं आहेत, निरीक्षणगृह आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, बालकल्याण समिती आहे. समितीच्या आदेशाशिवाय मूल बालगृहात राहू शकत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची केलीय. नोंदणी नसेल तर चालकाला एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. मुलाची ओळख उघड होईल असं काही छापायचं नाही, हेही याच कायद्याच्या ७४ व्या कलमात आहे. फेसबुकवर तुमच्या वाढदिवसाचा केक खाणारी मुलं टाकणं या कलमात बसतं, एवढं लक्षात ठेवा.

बाल संरक्षण कक्षात जाऊन सांगा की मला आठवड्यातून दोन दिवस, सहा महिने, अमुक विषय शिकवता येतो. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढा, अर्ज ऑनलाइन होतो. मग सहा महिने न चुकता जा. पावसात, लग्नसराईत, नातवाची मुंज असतानाही. तिसऱ्या महिन्यात कंटाळा येईल. पोरं उत्तर देणार नाहीत, एखादं शिवी देईल, एखादं तुमचं पाकीट उचलेल. तरीही जात राहिलात तर तुम्हाला कळेल की मुलांना तुमच्या प्रेमापेक्षा तुमच्या वेळेवर येण्याचा जास्त आधार वाटतो.

इथं काम करताना आणखी एक गोष्ट कळते, पैसा कुठं लावावा ही. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एकल पालकाच्या किंवा नातेवाइकाकडं असलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची रक्कम महिन्याला ४,००० रुपये आहे. मूल घरातच राहतं आणि घराला हात मिळतो. माझ्या ओळखीच्या एका जोडप्यानं नेपाळचा बेत रद्द करून मिरजेतल्या तीन विधवा बायांचे या योजनेचे अर्ज भरून दिले, कागद जमवले, तहसीलच्या फेऱ्या मारल्या. फोटो एकही नाही. पण तीन मुलं आईजवळ राहिली.

एवढं करूनही बाहेर जायचंच असेल तर पुढं वाचा.

संस्था निवडताना

जिथं राहण्या-जेवणासकट "अनाथ मुलांसोबत दोन आठवडे" असं पॅकेज विकायला आहे तिथं जाऊ नका. बाकीच्यांना पत्र लिहा आणि हे विचारा: तुमच्याकडून गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? चांगली संस्था आकडा सांगते, अडचणीही सांगते. वाईट संस्था "आमच्या मुलांना कुणीच नाही हो" म्हणते. दुसरा प्रश्न: मी आले नाही तर हे काम कोण करणार? "कुणीच नाही" हे उत्तर आलं तर त्यांना शिक्षक हवाय, पाहुणा नाही, त्या शिक्षकाच्या पगाराला हातभार लावा.

तिसरी गोष्ट त्यांनी तुम्हाला विचारायची असते. तुमच्याकडं चारित्र्याचा दाखला, दोन ओळखीच्यांची नावं आणि बालसंरक्षणाच्या नियमांवर सही मागितली नाही तर समजा की ते कुणालाही आत घेतात. मुलांच्या खोलीजवळ पाहुण्यांना झोपवणारी जागा तर अजिबात नको.

नेपाळात २०१८ चा बालबालिकांविषयीचा कायदा आहे आणि राष्ट्रीय बाल अधिकार परिषद बालगृहांवर लक्ष ठेवते. संस्थेचं नाव तिथं विचारता येतं. मुलांसाठी मदतीचा फोन तिथंही १०९८ च आहे, आपल्यासारखाच. मला पहिल्या वेळी हे माहीत असतं तर तो बाप फाटकाबाहेर उभा होता त्याच दिवशी फोन केला असता. मी केला तो सांगलीला परत आल्यावर, भाच्याकरवी, महिन्यानं.

दुसऱ्यांदा, २०१९ मध्ये, मी वेगळ्या संस्थेकडं गेले. तिचं काम बालगृहातली मुलं शोधून त्यांची घरं शोधायची, आणि घरी पोचवल्यावर शाळेचा खर्च बघायचा. त्यांनी मला मुलांजवळ जाऊच दिलं नाही. गावातल्या शाळेतल्या दोन तरुण शिक्षकांना दहावीचं गणित पक्कं करून द्या म्हणाले. तिथं दहावीच्या परीक्षेला एसईई म्हणतात. मी थोडी हिरमुसले होते, खोटं कशाला सांगू. पण त्या दोघांनी नंतर किती पोरं शिकवली असतील, ते मी मोजू शकत नाही.

जाण्याची तयारी

यात फार अवघड काही नाही. भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर विसंबून विमानतळावर जाऊ नका. स्वस्तात जायचं तर गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची हद्द साधारण शंभर किलोमीटर, पलीकडून काठमांडूची बस. गुडघे दुखत असतील तर मुंबई किंवा पुण्याहून दिल्लीमार्गे विमान बरं. भारतीय शंभराला नेपाळी एकशेसाठ, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. भारतीय नोटा किती मोठ्या आणि किती न्यायच्या याचे नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात बँकेत विचारा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा. थंडीत जात असाल तर दोन स्वेटर जास्त घ्या, घरं तापवायची पद्धत नाही. दोन्ही वेळा दाल-भात मिळतो. चपातीवाचून ज्यांचं अडतं त्यांनी मनाची तयारी करावी.

भाषेची भीती नको. लिपी आपलीच, आकडे आपलेच. पण ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी फसगत होते. 'चिनी' म्हणजे साखर. 'राम्रो' म्हणजे चांगलं, रामाशी त्याचा संबंध नाही. दोन महिने आधी रोज अर्धा तास शिका. मुलांशी इंग्रजीत बोलणारा पाहुणा आणि मोडक्या नेपाळीत बोलणारी बाई यांत पोरं बरोबर फरक करतात.

आणि 'आमा' म्हणू देऊ नका. काळजी घेणाऱ्या बायांना तिथली मुलं आमा म्हणतात, आई. तुम्ही पंधरा दिवसांची आई होऊन परत येणार असाल तर त्या पोराची आई एकदा आणखी जाते. "मिस म्हण" असं स्पष्ट सांगा.

भेटवस्तू मुलांच्या हातात देऊ नका, संस्थेच्या हवाली करा. भडंगसुद्धा. (मी दुसऱ्या वेळी नेलं ते शिक्षकांनीच संपवलं, तिखट म्हणत म्हणत.)

शैक्षणिक पालकत्व: आधी हिशेब

आता मुद्द्याचं. 'दत्तक घेतली' हा शब्द आधी जिभेवरून काढून टाका. दत्तक हा कायद्याचा विषय आहे आणि त्याची वाट वेगळी. आपण करतो ते शैक्षणिक पालकत्व, म्हणजे मुलगी तिच्या माणसांची राहते, आपण फी भरतो.

हे काम एकट्यानं घेऊ नका. मी एकटीनं घेतलं असतं आणि मधेच आजारी पडले असते तर? आमची भिशी आहे आठ बायकांची, वीस वर्षांची जुनी. मी तिथं विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न आला, "पैसे देऊ की ओ बाई, पण मधेच कुणी सोडलं तर?" हाच बरोबर प्रश्न. आम्ही ठरवलं, दरमहा प्रत्येकीचे दीड हजार, म्हणजे महिन्याचे बारा हजार, वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. पण मुलगी निवडायच्या आधी पूर्ण एक वर्ष नुसते साठवायचे. ती रक्कम मुदत ठेवीत टाकली. उद्या आठातल्या तिघी बाहेर पडल्या तरी मुलीचं चालू वर्ष बुडणार नाही. ही ठेव ज्याला जमत नाही त्यानं प्रायोजकत्व घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वर्षं शिकवून सोडलेली मुलगी न शिकवलेल्या मुलीपेक्षा वाईट अवस्थेत असते. तिच्या घरच्यांनी तोवर दुसरे सगळे बेत मोडलेले असतात.

आपल्याकडं ही कल्पना नवी नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. मला त्यांतला मुष्टिफंड जास्त महत्त्वाचा वाटतो: घराघरातून मूठ मूठ धान्य. दागिने एकदाच मोडता येतात, मूठ रोज काढता येते.

मुलगी निवडणं आमच्या हातात नव्हतं आणि नसावं. 'फोटो पाठवा, आम्ही निवडतो' हा प्रकार ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. संस्थेनं तीन मुलं सुचवली, तिघंही नातेवाइकांकडं राहणारी. तिघांची जबाबदारी घेतली. शाळेच्या काळात खर्च कमीच येतो.

पैसे पाठवायचा रस्ता बँकेतून आहे. भारत-नेपाळ प्रेषण सुविधा म्हणून रिझर्व्ह बँकेची योजना आहे, २००८ पासूनची, एनईएफटीनं पैसे जातात आणि २०२१ पासून एका वेळची मर्यादा दोन लाख रुपये आहे. शाखेतल्या साहेबांना कदाचित माहीत नसेल, आमच्या शाखेत नव्हतं. योजनेचं नाव कागदावर लिहून न्या. पैसे कधीही कुणाच्या वैयक्तिक खात्यावर नकोत, शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यावर, बिलाप्रमाणे. हुंडीनं, म्हणजे बँकेबाहेरून कुणाच्या हाती, तर मुळीच नको, मग तो भाचा असला तरी. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आपल्याकडं ८०जी ची सवलत मिळत नाही, सीएला विचारून वेळ घालवू नका.

आणखी एक. पहिल्याच वर्षी विचारायचं: जन्मदर्ता आहे का? म्हणजे जन्माची नोंद. नेपाळात सोळाव्या वर्षी नागरिकता प्रमाणपत्र निघतं आणि त्यासाठी घरच्या माणसाची साथ लागते. बालगृहात वाढलेल्या, घराशी संबंध तुटलेल्या मुलांचं घोडं इथंच अडतं. नागरिकता नाही तर पासपोर्ट नाही, बँक खातं नाही, परीक्षा पास होऊनही पुढं काही नाही. तुमच्या दहा पत्रांपेक्षा हा एक कागद मोलाचा.

परदेशी शिकायला पाठवणं

इथं 'परदेश' म्हणजे त्या मुलीचा परदेश, आपली सांगली. अठरा वर्षांखालच्या मुलाला शिकवायला सीमेपलीकडं आणू नका, कुणी कितीही चांगल्या मनानं सांगितलं तरी. व्हिसा लागत नाही, हद्द उघडी आहे, म्हणूनच तर धोका आहे. याच हद्दीवरून नोकरीच्या आणि शिक्षणाच्या नावाखाली मुली विकल्या जातात. बारावीपर्यंत तिथंच.

बारावीनंतरही आधी तिथलेच पर्याय बघायचे. काठमांडूतला भारतीय दूतावास नेपाळी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो, नेपाळात शिकायलाही आणि भारतात यायलाही. आयसीसीआरच्या, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या, शिष्यवृत्त्या आहेत. सरकारचे पैसे मिळत असतील तर भिशीचे पैसे दुसऱ्या मुलीला. आमच्या तिघांपैकी दोघं तिथंच शिकतायत. एकीला नर्सिंग करायचं होतं आणि तिनं स्वतःच विचारलं की तुमच्याकडं मोठी हॉस्पिटलं आहेत ना. आहेत. मिरजेत वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासून कर्नाटकातले रुग्णही इकडंच येतात. मी तरीही वर्षभर नको म्हणत होते. शेवटी तिच्या आत्यानं फोनवर ठणकावलं की पोरगी मोठी झालीय, तिला विचारा, एकमेकींना काय विचारता.

मग कागद. परदेशी शिकायला नेपाळच्या शिक्षण मंत्रालयाचं ना हरकत पत्र. बारावीच्या गुणपत्रिकेची समकक्षता, त्यासाठी भारतीय विद्यापीठ संघ. नर्सिंगसाठी कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता हवी. आणि सगळ्यात विसरला जाणारा भाग: परत गेल्यावर ही पदवी चालेल का? नेपाळ नर्सिंग परिषदेची परवाना परीक्षा द्यावी लागते, तिथल्या चिकित्सा शिक्षा आयोगाच्या, म्हणजे वैद्यकीय शिक्षण आयोगाच्या, अटी असतात. हे प्रवेशाच्या आधी लेखी विचारून घ्या. चार वर्षांनी हातात निरुपयोगी कागद आला तर दोष तुमचा.

तारखांचा एक घोळ सांगते. नेपाळात विक्रम संवत चालतो, आपल्या इंग्रजी सालाच्या छप्पन-सत्तावन वर्षं पुढं. प्रवेश अर्ज भरताना मी तिच्या दाखल्यावरचं साल तसंच उतरवलं: २०६१. एका कॉलेजच्या खिडकीवरच्या क्लार्कनं चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "बाई, ही मुलगी अजून जन्मायचीय." रांगेतली सगळी हसली. मीही हसले. पण अर्ज परत आला आणि त्या फेरीतली जागा गेली. तारीख बदलून घेतलेला अधिकृत इंग्रजी दाखला तिकडूनच आणा, स्वतः गणित करू नका. गणिताच्या शिक्षिकेनंसुद्धा नाही.

ती २०२३ च्या पावसाळ्यात आली. तेव्हा काय काय सांभाळावं लागतं ते थोडक्यात: हॉस्टेलमध्येच ठेवा, घरी नको. आमच्यातल्या दोघींनी घरी ठेवायचा आग्रह धरला होता. चांगल्या घरातसुद्धा फुकट राहणारी मुलगी हळूहळू भांडी घासायला लागते, कुणी सांगत नाही तरी. सुट्टीत तिला घरी जाता यावं म्हणून वर्षातून दोनदा तिकिटाचे पैसे हिशेबात धरा. दसैं, म्हणजे त्यांचा दसरा, चुकवायचा नाही. खर्चाला थोडे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात टाका आणि त्याचा हिशेब मागू नका. ती नापास झाली तर काय, हे आधीच बोलून ठेवा. आम्ही ठरवलं होतं की एका वर्षाची सवलत. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्रात ती नापास झालीच. रडली, मला फोन केला नाही, आत्याला केला. मला ते बरं वाटलं.

आता लोकांचं. गल्लीतल्या गणेश मंडळाला स्टेजवर तिचा सत्कार करायचा होता. शाल, नारळ, आणि थर्माकोलचा भला मोठा चेक, मागं सगळ्या बायका. मी नाही म्हटलं. वर्गणी मागायला आलेली पोरं नाराज झाली, दोन वर्षं आमच्या दारात प्रसाद आला नाही. भिशीतल्याच एकीनं विचारलं होतं, "एवढं करतोय आपण, पोरगी कधी पाया पडते का?" मी विचारलं, तुमचा मुलगा पुण्याला शिकत होता तेव्हा दर महिन्याला पाया पडायचा का? त्यावर विषय संपला, पण मला माहीत आहे तो पुन्हा निघेल. या सगळ्यामुळंच तिचं नाव, गाव आणि कॉलेज मी इथं लिहिलेलं नाही.

रविवारी रात्री नेपाळी सव्वाआठला, म्हणजे आपल्या आठला, तिची आत्या फोन करते. आधी पाऊस, मग मक्याचं पीक, मग फी. चौथ्या वर्षाची फी जूनमध्ये भरायचीय आणि ती वाढलीय. या महिन्यात भिशीचा नंबर एका काकूंचा होता, घराला रंग काढायचा होता त्यांना. त्यांनी नंबर पुढं ढकललाय.